मृत्यूची रेषा : सापडलेली नव्हे, आखलेली

१/ नाकाशी सूत धरावे, मनगटावर नाडी चाचपावी, छातीला कान लावावा. माणूस गेला की नाही, हे शतकानुशतके एवढ्यावरून कळत असे. श्वास, हृदय आणि मेंदू या तिघांपैकी एक थांबला की उरलेले दोन काही मिनिटांतच त्याच्यामागून जात. त्यामुळे यांपैकी नेमके कोणाचे थांबणे म्हणजे मृत्यू, हे विचारण्याची वेळ कधी आलीच नव्हती.

२/ विसाव्या शतकाच्या मध्यावर एका यंत्राने ही साखळी तोडली आणि तो प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर विज्ञानाने शोधून काढले, असे सर्रास समजले जाते. इतिहास थोडे वेगळे सांगतो. विज्ञानाने वस्तुस्थिती पुरवली, रेषा मात्र माणसांनी आखली, आणि ती आखताना एक नैतिक निवड केली. ही निवड उघडपणे मान्य न केल्याची किंमत आजही अतिदक्षता विभागाबाहेर बसलेली कुटुंबे मोजत आहेत. हा थ्रेड त्या रेषेच्या इतिहासाचा.

३/ १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेली मुले गुदमरून मरत होती आणि श्वसनयंत्रे मोजकीच होती. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने शस्त्रक्रियागृहातील युक्ती वॉर्डात आणली. श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा आत ढकलायची. सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून ही पिशवी दाबली. पुढे हातांची जागा यंत्राने घेतली आणि अतिदक्षता विभाग जन्माला आला.

४/ असंख्य प्राण वाचले. पण त्याचबरोबर पूर्वी कधी न पाहिलेली एक अवस्था निर्माण झाली. मेंदू पूर्ण निकामी झालेला, तरी यंत्र हवा पुरवते आहे. हृदयाला ठोके देण्यासाठी मेंदूची आज्ञा लागत नाही. त्याची विद्युतप्रेरणा त्याच्या आतच उत्पन्न होते. प्राणवायू मिळत राहिला की ते चालत राहते. अंग उबदार, चेहऱ्यावर रंग, छाती वरखाली होणारी. १९५९ साली पॅरिसमध्ये मोलारे आणि गूलाँ या डॉक्टरांनी अशा २३ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि या अवस्थेला कोमाच्याही पलीकडचा कोमा म्हटले. तिला मृत्यू म्हणणे मात्र त्यांनी टाळले.

५/ त्याआधी दोन वर्षे, नोव्हेंबर १९५७ मध्ये, भूलतज्ज्ञांनी हाच पेच पोप बारावे पायस यांच्यापुढे ठेवला होता. त्यांच्या उत्तराचे दोन भाग होते. बरे होण्याची आशा नसताना असाधारण उपाय चालू ठेवण्याचे बंधन डॉक्टरवर नाही, हा पहिला. मृत्यूचा क्षण निश्चित करणे हे धर्मपीठाचे नव्हे तर वैद्याचे काम आहे, हा दुसरा. धर्मपीठाने प्रश्न वैद्यकाकडे सोपवला. वैद्यकाने तो आपल्या पद्धतीने सोडवेपर्यंत परिस्थिती आणखी गुंतागुंतीची झाली होती.

६/ ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊनच्या ग्रूट स्क्यूर रुग्णालयात ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण केले. रुग्ण १८ दिवस जगला. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. तो रुग्ण काही तासच जगला. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा तेव्हा देशात नव्हता.

७/ प्रत्यारोपणाने जुना पेच धारदार केला. हृदय द्यायचे तर दाता मृत हवा, कारण जिवंत माणसाचे हृदय काढणे ही हत्या. पण हृदय मात्र जिवंत हवे, कारण निर्जीव हृदयाचा कोणाला उपयोग नाही. दाता मृत आणि त्याचे हृदय जिवंत, हे दोन्ही एकाच वेळी खरे ठरण्यासाठी मृत्यूची व्याख्या हृदयापासून सोडवणे भाग होते.

८/ व्याख्या ठरण्यापूर्वीच शस्त्रक्रिया झाल्या, तेव्हा काय घडले याची दोन उदाहरणे १९६८ मध्येच आहेत. मे महिन्यात अमेरिकेतील रिचमंड शहरात ब्रूस टकर हा कृष्णवर्णीय कामगार पडला आणि त्याच्या डोक्याला गंभीर इजा झाली. दुसऱ्याच दिवशी त्याचे हृदय काढून एका गोऱ्या रुग्णाला बसवण्यात आले. कुटुंबाची संमती घेतली गेली नव्हती. भाऊ विल्यम याला हे सारे नंतर कळले. त्याने खटला भरला.

९/ दुसरे उदाहरण जपानचे. ऑगस्टमध्ये साप्पोरो येथे जुरो वादा यांनी जपानमधील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. रुग्ण ८३ दिवसांनी दगावला. दाता खरोखर मेला होता काय, आणि रुग्णाला नव्या हृदयाची खरोखर गरज होती काय, अशा शंका उठल्या. वादा यांच्याविरुद्ध हत्येची तक्रार झाली. खटला चालला नाही. पण समाजाचा विश्वास इतका खचला की त्यानंतर ३० वर्षांहून अधिक काळ त्या देशात दुसरे हृदयप्रत्यारोपण झाले नाही.

१०/ याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठात हेन्री बीचर यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. बीचर बेफिकीर वैज्ञानिक मुळीच नव्हते. दोनच वर्षांपूर्वी त्यांनी रुग्णांच्या नकळत त्यांच्यावर केलेल्या संशोधनाची २२ उदाहरणे प्रसिद्ध करून वैद्यकविश्व हादरवले होते. समितीत डॉक्टरांबरोबर एक विधिज्ञ, एक धर्मशास्त्राचे अभ्यासक आणि एक विज्ञानेतिहासकार होते. अवयवप्रत्यारोपणाचे प्रणेते जोसेफ मरे हेही सदस्य होते.

११/ ५ ऑगस्ट १९६८ रोजी अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात अहवाल आला. कसोट्या अशा : कोणत्याही उत्तेजनाला प्रतिसाद नाही; हालचाल नाही; यंत्र तीन मिनिटे थांबवले तरी स्वतःचा श्वास नाही; प्रतिक्षिप्त क्रिया नाहीत; मेंदूचा विद्युत आलेख सपाट. शरीर अतिथंड झालेले नसावे, गुंगीच्या औषधांचा प्रभाव नसावा. सर्व तपासण्या २४ तासांनी पुन्हा कराव्यात. वैद्यकीय दृष्टीने हा दस्तऐवज काळजीपूर्वक लिहिलेला होता.

१२/ पण नवी व्याख्या का हवी, याची जी दोन कारणे अहवालाच्या आरंभी दिली होती, ती पाहण्याजोगी आहेत. एक, अशा रुग्णांचा भार कुटुंबांवर, रुग्णालयांवर आणि खाटांच्या प्रतीक्षेत असलेल्या इतर रुग्णांवर पडतो. दोन, मृत्यूचे जुने निकष प्रत्यारोपणासाठी अवयव मिळवताना वादाला कारण ठरू शकतात. दोन्ही कारणे वजनदार आहेत. मात्र त्यांपैकी एकही जीवशास्त्राचे नाही. ही अवस्था मृत्यूच का मानावी, याचे उत्तर अहवालात नव्हते. तशी मानल्याने काय साधेल, एवढेच होते.

१३/ ही फट सर्वांत आधी हेरली ती हान्स योनास या तत्त्वज्ञाने. १९०३ साली जर्मनीत ज्यू कुटुंबात जन्म, हायडेगर यांच्याकडे शिक्षण, १९३३ मध्ये देशत्याग, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या ज्यू ब्रिगेडमध्ये सेवा. आईचा अंत ऑश्विट्झ छळछावणीत झाला. पुढे ते न्यूयॉर्कमध्ये अध्यापन करीत. सोयीसाठी माणसाची व्याख्या बदलणारी सत्ता काय करू शकते, हे जवळून पाहिलेल्या माणसाचा तो आक्षेप होता.

१४/ योनास यांचे म्हणणे अनेकदा चुकीचे सांगितले जाते. यंत्र बंद करण्यास त्यांचा विरोध नव्हता. बरे होण्याची आशा नसलेल्या माणसाला जाऊ द्यावे, त्यासाठी त्याला आधी मृत ठरवण्याची गरज नाही, असे ते म्हणत. त्यांची हरकत उलट्या वापराला होती. माणसाला मृत म्हणायचे, आणि तरीही यंत्र चालूच ठेवायचे, कारण अवयव ताजे हवेत. पहिल्या प्रसंगी निर्णय रुग्णाच्या हितासाठी होतो. दुसऱ्या प्रसंगी इतरांच्या.

१५/ त्यांचा दुसरा मुद्दा अधिक खोल होता. जीवन आणि मृत्यू यांच्यामधली सीमारेषा नेमकी कोठे आहे, हे निश्चित माहीत नाही. जिथे वस्तूच धूसर आहे तिथे काटेकोर व्याख्या करणे हे ज्ञान नव्हे, ज्ञानाचा आभास आहे. आणि संशयाचा लाभ द्यायचाच तर तो जिवंतपणाच्या बाजूने द्यावा. माणूस म्हणजे केवळ मेंदू आणि उरलेले शरीर म्हणजे त्याचे सामान, या विचारात त्यांना आत्मा आणि देह यांच्या जुन्या द्वैताचे नवे रूप दिसले. १९७० च्या त्यांच्या निबंधाचे शीर्षकच प्रवाहाविरुद्ध जाण्याविषयी होते.

१६/ प्रवाह थांबला नाही. १९७० मध्ये कॅन्सस राज्याने मेंदूमृत्यूला कायद्यात स्थान दिले. १९७२ मध्ये टकर खटल्याचा निकाल लागला. मेंदूचे कार्य थांबणे ही बाब विचारात घेण्याची मुभा न्यायाधीशांनी ज्यूरीला दिली आणि ज्यूरीने डॉक्टरांना दोषमुक्त केले. विल्यम टकर यांची बाजू लढवणारे तरुण वकील डग्लस वाइल्डर पुढे व्हर्जिनियाचे गव्हर्नर झाले. कायद्याचा प्रश्न सुटला. ज्यांना विचारलेच गेले नव्हते त्या कुटुंबाचा प्रश्न तसाच राहिला.

१७/ तत्त्वज्ञानाचे सर्वांत उपयोगी योगदान आले १९८१ मध्ये. मज्जाविकारतज्ज्ञ जेम्स बर्नाट, मानसोपचारतज्ज्ञ चार्ल्स कल्व्हर आणि तत्त्वज्ञ बर्नार्ड गर्ट यांनी मिळून प्रश्नाचे तीन थर वेगळे केले. पहिला थर व्याख्येचा : मृत्यू म्हणजे काय? दुसरा निकषाचा : ती व्याख्या पूर्ण झाली हे शरीरातील कोणत्या घटनेवरून मानावे? तिसरा चाचण्यांचा : ती घटना घडली हे कसे ओळखावे? तिसरा थर वैद्यकाचा. पहिला तत्त्वज्ञानाचा. दुसरा दोघांच्या सीमेवरचा.

१८/ हे वर्गीकरण कोरडे वाटेल, पण गोंधळ नेमका येथेच होतो. डॉक्टर म्हणतात, चाचण्या अचूक आहेत. ते खरेच आहे. नातेवाईक विचारतात, पण हा मेला आहे का? तो प्रश्न चाचणीचा नसून व्याख्येचा असतो. तिसऱ्या थराचे उत्तर पहिल्या थराच्या प्रश्नाला दिले की दोन्ही बाजूंना वाटते, समोरचा ऐकूनच घेत नाही.

१९/ बर्नाट, कल्व्हर आणि गर्ट यांनी पहिल्या थराचे उत्तर असे दिले : मृत्यू म्हणजे सजीवाचे एकसंध कार्य कायमचे थांबणे. मेंदू हा शरीराचा समन्वयक. तो गेला की उरतो तो अवयवांचा समूह, सजीव नव्हे. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने याच धर्तीवर युक्तिवाद केला आणि राज्यांसाठी नमुना कायदा तयार झाला. श्वसन व रक्ताभिसरण कायमचे थांबणे किंवा संपूर्ण मेंदूचे कार्य कायमचे थांबणे, यांपैकी काहीही झाले की मृत्यू.

२०/ हार्वर्डच्या अहवालात नसलेले कारण अखेर मिळाले, असे वाटले. मग वस्तुस्थितीनेच त्याला हादरा दिला. ॲलन श्यूमन हे बालमज्जाविकारतज्ज्ञ आधी मेंदूमृत्यूच्या संकल्पनेचे समर्थक होते. १९९८ मध्ये त्यांनी मेंदूमृत ठरवल्यानंतरही किमान एक आठवडा ज्यांचे हृदय चालू राहिले अशी सुमारे १७५ प्रकरणे एकत्र मांडली. काहींचे शरीर महिनोन्‌महिने टिकले. एका मुलाचे तर १४ वर्षांहून अधिक. जखमा भरत होत्या, अन्न पचत होते, वाढ होत होती.

२१/ याचा अर्थ ही माणसे शुद्धीवर येणार होती, असा नव्हे. योग्य रीतीने निदान झालेला मेंदूमृत रुग्ण पुन्हा जागा झाल्याचे सर्वमान्य उदाहरण नाही. श्यूमन यांचा पुरावा वेगळ्या गोष्टीविरुद्ध होता. मेंदू गेला की शरीराचा समन्वय संपतो, हे विधान जसेच्या तसे टिकत नव्हते. २००८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या जीवनीतिशास्त्र परिषदेनेही ही अडचण गांभीर्याने घेतली आणि निकष कायम ठेवून त्याखालचे कारण बदलले : सजीवाचे मूलभूत काम म्हणजे बाह्य जगाशी देवघेव करीत स्वतःला टिकवणे, आणि तेच आता संपले आहे.

२२/ निकष तोच, कारणे मात्र एकामागून एक नवी. या क्रमावरून काय समजावे? निष्कर्ष आधी ठरला होता आणि समर्थन नंतर शोधले गेले, असे म्हणणाऱ्यांत पीटर सिंगर हे तत्त्वज्ञ होते. त्यांच्या मते मेंदूमृत्यूचा स्वीकार हा नैतिक निर्णय होता, त्याला वैद्यकीय शोधाचा वेश चढवला गेला. बालरोगतज्ज्ञ व नीतिशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट ट्रुओग यांनी १९९७ मध्ये तर सुचवले की मृत्यूचा आधार सोडून द्यावा आणि अवयवदान संमती व रुग्णाला होणारी हानी या दोन कसोट्यांवर तोलावे.

२३/ तत्त्वज्ञांचा आणखी एक गट उलट दिशेने गेला. जेफ मॅकमहन यांनी २००२ च्या ग्रंथात दोन गोष्टी वेगळ्या केल्या : शरीररूपी सजीवाचा अंत आणि त्या शरीरात वसणाऱ्या जाणिवेच्या माणसाचा अंत. दुसरा पहिल्याच्या आधी येऊ शकतो. विचार तर्कशुद्ध आहे, पण तो कायद्यात उतरवला तर स्वतः श्वास घेणारा, डोळे उघडणारा, पण जाणीव हरपलेला रुग्णही मृत ठरेल. श्वास घेणाऱ्या माणसाचे अंत्यसंस्कार करण्यास कोणताही समाज तयार नाही, आणि ही अनिच्छा निव्वळ अज्ञान म्हणून झटकता येत नाही.

२४/ महाराष्ट्राला हा फरक अरुणा शानबाग यांच्या प्रकरणातून कळला. के.ई.एम. रुग्णालयातील या परिचारिका १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच रुग्णालयात होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात त्या मेंदूमृत नाहीत, हे स्पष्ट केले. यंत्राविना त्यांचा श्वास चालू होता. पिढ्यान्‌पिढ्या परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली, ती एका जिवंत माणसाची. कोमा, जाणीवहीन अवस्था आणि मेंदूमृत्यू या तीन गोष्टी एकच समजण्याची चूक तरीही बातम्यांमध्ये वारंवार होते.

२५/ रेषा आखलेली आहे, याचा सर्वांत सोपा पुरावा म्हणजे ती देशागणिक बदलते. अमेरिकेत संपूर्ण मेंदूचे कार्य थांबावे लागते. ब्रिटनने १९७६ मध्ये मस्तिष्कस्तंभाचा निकष धरला, कारण शुद्ध आणि श्वास या दोहोंचा आधार तेथे आहे. जपानने १९९७ च्या कायद्यात अवयवदानासाठी मेंदूमृत्यू मान्य केला तो फक्त ज्याने तशी लेखी इच्छा नोंदवली आहे त्याच्यासाठी. २००९ मध्ये ही अट सैल केली. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने १९९१ मध्ये धार्मिक कारणावरून मेंदूमृत्यू नाकारण्याची मुभा दिली.

२६/ त्याचा परिणाम २०१३ मध्ये दिसला. कॅलिफोर्नियात शस्त्रक्रियेनंतर १३ वर्षांच्या एका मुलीला मेंदूमृत घोषित करण्यात आले. मृत्यूचा दाखलाही निघाला. कुटुंबाने तिला न्यू जर्सीत नेले. तेथे तिचे हृदय २०१८ पर्यंत चालू राहिले आणि तेव्हा दुसरा दाखला निघाला. एक मुलगी, दोन मृत्युतारखा. या प्रकरणात कोण बरोबर होते, यावर वाद चालू राहील. मात्र सीमा ओलांडल्याने बदलते ती केवळ निसर्गाची वस्तुस्थिती असू शकत नाही.

२७/ येथे एक प्रामाणिक आक्षेप येतो. रेषा आखलेली आहे म्हणजे ती मनमानी आहे का? तसे नाही. माणूस वयात येतो ही खरी घटना. तो १८ व्या वर्षी सज्ञान होतो हा समाजाचा निर्णय. निर्णय वस्तुस्थितीला धरूनच असतो, नाहीतर तो हास्यास्पद ठरेल. तरी वस्तुस्थितीतून तो आपोआप टपकत नाही. मेंदूमृत्यूचेही तसेच. शुद्ध आणि श्वास कायमचे गेल्यावर मागे उरते त्याला मृत म्हणण्याची कारणे भक्कम आहेत. फक्त ती कारणे मूल्यांची आहेत, आणि तशीच सांगितली गेली पाहिजेत.

२८/ आता भारत. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा. मूत्रपिंडांच्या व्यापाराला आळा घालणे आणि मृत दात्यांचे अवयव मिळण्याची वाट खुली करणे, हे त्याचे दोन हेतू. आरंभी तो महाराष्ट्र, गोवा, हिमाचल प्रदेश आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाला. त्यात मृत व्यक्तीच्या व्याख्येत मस्तिष्कस्तंभाच्या मृत्यूचा स्पष्ट समावेश आहे. चार डॉक्टरांचे मंडळ चाचण्या करते : बाहुल्यांवर प्रकाश, कानात गार पाणी, घशाला स्पर्श, आणि शेवटी यंत्र सोडवून रक्तात कर्बवायू वाढला तरी श्वास येतो का, हे पाहणे. किमान सहा तासांनी हे सारे पुन्हा.

२९/ पण हा कायदा अवयव प्रत्यारोपणाचा आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात मृत्यू म्हणजे जीवनाच्या सर्व खुणा कायमच्या नाहीशा होणे, एवढेच आहे. मेंदूचा उल्लेख नाही. १८६० ची दंडसंहिता तर मृत्यू म्हणजे माणसाचा मृत्यू, इतके सांगून मोकळी झाली आणि नव्या न्यायसंहितेने तेच पुढे नेले. अर्थात भारतात मेंदूमृत्यूला स्पष्ट नाव मिळते ते फक्त अवयवदानाच्या दारातून आत गेल्यावर.

३०/ अतिदक्षता विभागाबाहेर याचा अर्थ काय होतो? अपघातात सापडलेल्या तरुणाचे वडील बाकावर बसलेले आहेत. त्यांना सांगितले जाते, मुलगा मेंदूमृत आहे, अवयवदान करता येईल. ते नको म्हणतात. त्याबरोबर मुलाचा कायदेशीर दर्जाच धूसर होतो. यंत्र काढले तर आपल्यावर काही येईल काय, या भीतीने डॉक्टर थांबतात आणि हृदय बंद पडेपर्यंत यंत्र, औषधे व बिल चालू राहते. अवयव दिले तर मृत, न दिले तर रुग्ण. या बापाला विज्ञान कितीही समजावले तरी तो एकच निष्कर्ष काढील : हा मृत्यू कोणाच्या तरी गरजेसाठी ठरला आहे.

३१/ योनास यांची भीती नेमकी हीच होती. मृत्यूची घोषणा आणि तिचा उपयोग यांची गाठ बांधली की घोषणेवरचा विश्वास उडतो. केरळ सरकारने २०२० मध्ये मेंदूमृत्यूच्या निश्चितीसाठी अवयवदानापासून स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती ही गाठ सोडवण्याच्या दिशेने टाकलेले पाऊल होते. एका राज्याच्या आदेशाने देशाचा कायदा बदलत नाही. दिशा मात्र तीच असायला हवी.

३२/ यावर अवयवदानाच्या कार्यकर्त्यांची काळजी रास्त आहे. व्याख्या माणसांनी ठरवली असे उघड बोलले तर लोक घाबरतील, दाते कमी होतील, वाट पाहणारे रुग्ण मरतील. पण साप्पोरोचा धडा उलटा आहे. लोकांचा विश्वास गेला तो तत्त्वज्ञानाच्या चर्चेने नव्हे, ती चर्चा टाळून घाईने उरकलेल्या शस्त्रक्रियेने. जपानमध्ये पुढचे हृदयप्रत्यारोपण झाले ते १९९९ मध्ये, प्रदीर्घ सार्वजनिक वादानंतर आणि कायदा झाल्यावर. रिचमंडच्या टकर कुटुंबालाही आधी राग आला होता तो व्याख्येचा नव्हे, न विचारल्याचा.

३३/ म्हणून करण्याजोग्या गोष्टी तीन. मृत्यूची एकच व्याख्या अवयवदानाच्या कायद्याबाहेर, सर्वांसाठी लिहावी. मेंदूमृत्यूची घोषणा आधी, स्वतंत्रपणे व्हावी. दानाचा विषय त्यानंतर, वेगळ्या व्यक्तीने काढावा. आणि समजावताना चाचण्यांच्या अचूकतेवर न थांबता कारण सांगावे : शुद्ध आणि श्वास कायमचे गेले आहेत, यंत्र थांबले की शरीरही थांबेल, आणि या अवस्थेला मृत्यू मानावे असे समाजाने विचारपूर्वक ठरवले आहे.

३४/ योनास यांचे सर्वच म्हणणे स्वीकारण्याची गरज नाही. सीमा धूसर असली तरी कुठेतरी रेषा आखावीच लागते, नाहीतर ना निरोप देता येतो, ना कोणाला वाचवता येते. पण रेषा आखणाऱ्याने आपला हात लपवू नये. मेंदूत काय उरले आहे, हे विज्ञान सांगू शकते. त्या उरलेल्याला काय म्हणायचे आणि त्याच्याशी कसे वागायचे, हे ठरवण्याची जबाबदारी यंत्रावर टाकता येत नाही. नाकाशी सूत धरणारा हात माणसाचाच होता. आजही तो माणसाचाच आहे.